सांगायचा आकडा

बोहरी आळीत उभ्या उभ्या
मी बॉबिन केस नखाने वाजवून घ्यायची.
चांगल्या पोलादाचा आवाज बारीक असतो, लांबतो.
हलकं असलं की टक् करून गप्प.
कापड तर अंगठ्याखाली चुरगळून स्वतःच सांगतं
पहिल्या धुण्यात किती आटणार ते.
चाळीस वर्षं धनकवडीत ब्लाउज शिवले,
फसले दोनदाच,
त्यातली एकदा सख्ख्या नणंदेकडून.

आता गुडघा बदललाय. तिसरा मजला, लिफ्ट नाही.
गौरीचे अठरा ब्लाउज कापून पडलेत, मशीन अडलंय,
आणि बोटांखाली काय, तर काच.
रेशीम, सुती, पोलाद, खोटं,
सगळं हाताला सारखंच लागतं.

आम्रपाली आमच्या आतल्या खोलीत राहते,
उदगीरची, परीक्षेचा तिसरा प्रयत्न.
म्हणाली, काकू, आधी पत्ता बघा.
म्हटलं, पत्ता मला पाठ आहे.
आपला नाही हो, दुकानाचा. ही वरची ओळ.
एक अक्षर जास्तीचं असलं तरी दुकान भलत्याचंच.
म्हणजे ‘आमची कोठेही शाखा नाही’ तसंच की!
ती हसली. म्हणाली, तशी पाटी इथे कुणी लावत नाही,
आपणच मनात लावायची.

पुढे एकाने नव्वद टक्के सूट दिली होती.
नव्वद टक्के कोण सोडतं?
ज्याचं काहीच जात नाही तो.
हे मात्र मला कुणी शिकवलं नाही.

पाच ताऱ्यांचं कौतुक मी वाचलंच नाही.
शोधत शोधत एक तीन ताऱ्यांची बाई सापडली,
तिने लिहिलं होतं, धागा अडकतो, पण चालतं.
ही शिवणारी.
हिच्या शब्दावर मागवलं, पैसे घरी आल्यावर.

दुसऱ्या दिवशी फोन. आवाज साखरेत घोळलेला.
पार्सल अडकलंय मॅडम, पाचच रुपये भरा
आणि आलेला आकडा सांगा.
माझ्या नावापुढे ह्यांचं नावसुद्धा लावलं त्याने,
क्षणभर वाटलं, ओळखीतलाच कुणी.
फ्रिजवर आम्रपालीचा कागद:
आकडा सांगायचा नाही. कुणालाही.
‘कुणालाही’खाली दोन रेघा.
म्हटलं, बाळा, छत्तीसची छाती चौतीस सांगणाऱ्यांची
मापं घेतलीत मी. टेप माझ्याच हातात राहते.
आणि ठेवला.
मग पाणी प्यायले. भांडं दाताला लागत होतं,
हे आम्रपालीला सांगितलं नाही.

गुरुवारी दार वाजलं.
धापा टाकत एक पोरगा, पाठीवर गोणीएवढी बॅग,
पट्टा खांद्याशी उसवलेला.
काकू, ओटीपी सांगा.
नाही सांगणार.
त्याशिवाय देता येत नाही, काकू.
मग ने परत.

आम्रपाली अभ्यासिकेत, फोन बंद.
तो चिडला नाही. कदाचित दमला असेल.
पार्सल उंबऱ्यावर ठेवून म्हणाला,
तुमच्याच फोनवर मेसेज आहे, तुम्हीच वाचा पूर्ण,
आणि जिन्याकडे तोंड करून उभा राहिला.
चष्मा आणला. वाचलं.
वस्तू हातात आल्यावरच सांगा, असं होतं त्यात.
म्हणजे सांगायचाही एक आकडा असतो.
हे कागदावर नव्हतं.

पार्सलवरचं नाव बघितलं, माझंच.
नोटा दिल्या, आणि चार अंक,
एकेक, सुट्टे मोजून द्यावेत तसे.
म्हटलं, थांब, पट्ट्याला दोन टाके घालते.
अजून एकतीस राहिलेत, काकू,
हे खालच्या जिन्यावरून ऐकू आलं.

खोकं उघडलं. नखाने वाजवलं.
आवाज बारीक होता, फारसा लांबला नाही.
बसवलं, चाक फिरवलं.
धागा अडकतो.
चालतं.