दुसरा हप्ता

मोरोंदावाच्या दक्षिणेला, चिखलात गुडघाभर,
सुआझारा तिवराच्या शेंगा खोचते.
खोचल्या शेंगेमागे पैसे. जगलेल्या झाडामागे नाही.

पैसे निघाले कुठल्याशा थंड शहरातून,
तीन बँका, दोन मंत्रालयं, एक संस्था,
ज्याच्या-त्याच्या ओंजळीतून थोडे गळत.
तरी पोचले. हे खोटं नाही.
त्यातूनच लेकीचा चष्मा आला,
शाळेवर पत्रे चढले.

कागदावरचं वर्ष डिसेंबरात संपतं,
म्हणून म्हणाले, बाहेरच्या वाळूतही लावा,
हेक्टर भरले पाहिजेत.
ती म्हणाली, तिथे लाट कुणाला बसू देत नाही.
दुभाष्याने सांगितलं, "लाभार्थी समाधानी आहेत."

मार्चमध्ये हेन्रिक आला, काखेत फाईल, पायांत नवे बूट.
वाळूवर मोजायला काहीच नव्हतं.
बराच वेळ उभा राहिला नुसता.
मग विचारलं, तुमच्या मनाने असतं
तर कुठे लावलं असतं?

ती काही बोलली नाही. होडी सोडली.
खाडीच्या आत, जिथे कुणीच सांगितलं नव्हतं,
उरलेल्या शेंगा तिने फुकटच खोचल्या होत्या:
चार-चार पानं,
आणि बुडाशी नखाएवढा खेकडा, नांग्या उगारून.

त्या जागेला अर्जात रकाना नाही.
हेन्रिकने समासात, पेन्सिलीने,
तिचं नाव लिहिलं. स्पेलिंग चुकलं.

दुसरा हप्ता त्या समासाशी अडलाय.
थंड शहरात कुणीतरी कागद उजेडात धरून
विचारतंय, ही कोण?

इकडे ओहोटी लागलीय.
ती पुन्हा उतरते, पदरच्या वेळेवर.