पक्का रंग

वडगावच्या मागांमध्ये दुपारी बोलायचं
म्हणजे ओठ वाचायचे.
बाबांनी माग थांबवला, तेव्हा कळलं
मी केवढ्यानं ओरडत होते.

पिशवीतून सुताची लड काढली. पांढरी,
खरं तर ताकाच्या रंगाची.
हिच्यावर टंगस्टनचे कण आहेत, म्हटलं,
इतके बारीक, की तुमच्या धाग्याच्या एका तुसावर
त्यांचं अख्खं बेळगाव मावेल.
"कॅम्पासकट?"
कॅम्पासकट.

खिडकीशी धरली. काही नाही.
काचेवर तेरा वर्षांची खळ, पिंजीची धूळ,
निम्मं ऊन काचच खाते.
बाबांनी खिट्टी ठोकून ठोकून सैल केली,
तावदान उघडलं,
आणि लड निळी व्हायला लागली.
पीप नाही, वाफ नाही, कुणी ढवळत नाही.
नुसती निळी.

भावकाण्णांचा शब्द शहापूरच्या पेठेत चालायचा:
सात धुण्यांत रंग सुटला तर पैसे परत.
"आणि ह्यो?"
हा सुटण्यासाठीच आहे, बाबा.
अंधारात ठेवला की हवा परत घेऊन जाते.
चार तास. कधी पाच.
"मग ह्याचं करालीस काय, वैजू?"
लशीच्या खोक्यावर लावायचा.
वाटेत कुणी उन्हात ठेवलं, तर सांगेल.
"म्हणजे चहाडखोर."

दारातून निंगव्वा डोकावली,
"याव बण्ण री इदु?"
"बिसलिग केळ्री," बाबा म्हणाले, उन्हालाच विचार,
आणि त्याच श्वासात माझ्याकडे वळून,
"किती येळा होतंय असं?"

हेच सांगायचं नव्हतं.
वहीत बेचाळिसाव्या फेरीपाशी
मी पेन्सिलीनं गोल केलाय.
तिथून पुढे पूर्ण पांढरं होत नाही.
थोडा निळा मागे राहतो.
सर त्याला थकवा म्हणतात.

बाबांनी लड उलटी केली.
अंगठा होता तिथे ताकाचा ठिपका,
आणि अंगठ्याच्या नखाला कडेनं
पिंपं विकून नऊ वर्षं झाली तरी न गेलेली
जांभळी रेघ.
"थकवा कसला," म्हणाले,
"तितनं पुढं पक्का झाला म्हण की."

लड कांड्यांच्या डब्यात ठेवली, वर झाकण,
झाकणावर जुना पंचा.
माग सुरू झाला.
मग काहीतरी बोलले. मी ओठ वाचले:
चार तास झाले की हाक मार.