खालचा सूर

तांपेरे. नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेले.
दुकानात एकच गिऱ्हाईक : कालेवी लेहतो, वय एक्याऐंशी,
खिशातल्या चिठ्ठीवर खोलीचं माप,
भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन मीटर चाळीस.

मी सवयीनं सुरू केलं :
ह्यांना बुकशेल्फ म्हणतात खरं, पण पुस्तकांत कोंबू नका,
घुसमटतात. स्टँड लागतो,
म्हणजे जागा तेवढीच जाते, बघा.
आणि हे उभे, जमिनीवरचे.
ह्यांच्यामागे हातभर मोकळं सोडायचं,
नाहीतर रिकाम्या पिंपात बोलल्यासारखे घुमतात.

त्यानं पिशवीतून सीडी काढली.
वर पेनानं नुसतं साल.
"शहराचा वाद्यवृंद. बायको डबल बास वाजवायची.
मागच्या रांगेत, उजवीकडून दुसरी."

आधी छोटे लावले.
व्हायोलिनं अशी, की गजावरची राळ उडताना दिसावी.
कुणी पान उलटलं. कुणी खोकलं.
कालेवी पुढे वाकला,
फलाटावर माणूस शोधावं तसा.
"आउने आलेली नाही," म्हणाला.

मग उभे लावले.
लाकडी जमीन बुटांतून वर आली,
माझ्या कॉफीचा चमचा बशीत किणकिणला,
आणि तो खुर्चीत मागे टेकला.

मी बिलबुक जवळ ओढलं.

"खाली किती जाईल हे?"
खाली सातू राहते. नर्स. रात्रपाळी.
आउनेच्या शेवटच्या दिवसांत
कामावरून सुटली की आधी वर यायची,
मग झोपायची.

चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
"छोटे लाव परत."

ह्या वेळी डोळे मिटलेले.
डाव्या हाताची बोटं गुडघ्यावरून खाली सरकत गेली,
एका जागी थांबली.
"इथं," म्हणाला. "इथं आहे."

मला काही ऐकू आलं नाही.
वरचे सूर शाबूत असले
तर खालचा कान आपणच भरून काढतो,
असं कंपनीच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं एकदा,
जेवणानंतरच्या तासाला.
मी पेंगत होतो.

छोटेच घेतले त्यानं. स्टँड मात्र नको म्हणाला.
"तिचं वाजवायचं स्टूल आहे. उंच आहे चांगलं."
पण स्पीकर दोन, मी म्हटलं.
"दुसऱ्याखाली पुस्तकं रचीन."