वावडी

बदलीचा कागद मे महिन्यात आला.
मालवणहून वडूज. सामानात गॅसची शेगडी,
जनावरांच्या औषधांची पेटी
आणि टेम्पोवाल्याला न उमगलेली
एक लांबट पिशवी. "तंबू हाय का?"
मी हो म्हटलं. समजावत बसले असते
तर बोलता बोलता कराड आलं असतं.

पिशवीत नऊ मीटरचं कापड, चार दोऱ्या,
हवेनं फुगणारा कणा, पायाखालची फळी.
समुद्रावर मी वारा कधी शोधला नाही.
दुपारी दोनला तो आपणहून यायचा,
शाळा सुटल्यासारखा,
उजव्या खांद्यावरून.

इथं तो सगळ्यांच्या तोंडी, पाण्यावर नाही.
"वारं? त्या तितं," म्हणत सगळे
डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडे बोट करायचे.
तिथं वारा खराच होता.
पाणी मात्र चहाच्या बशीतलं.

पहिला रविवार कण्हेरच्या धरणावर गेला.
वारा डोंगरांना ठेचाळत येणारा,
एक हिसका, मग पाच मिनिटं गप्प.
पतंग पाण्यात पालथा
आणि मी फळी काखेत मारून चिखलातनं काठाला.
दुसरा रविवार उरमोडीवर. त्याबद्दल नको.

फोनमधला बाण सांगायचा: पश्चिम, वीस.
बाणाला काय जातंय सांगायला.

मग मी माणसांना विचारू लागले.
म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात,
गाभण आहे की नाही ते चाचपताना
मालकाला म्हणायची, इकडं वारं कुठनं येतं हो?
बिरू मदने म्हणाला, मेंढरं बघा.
वाऱ्याला तोंड करून चरत्यात ती.
मी महिनाभर मेंढरांची तोंडं बघितली.

तोवर गावात वावड्या उठल्या:
डॉक्टरीण कंपनीची हाय,
चक्क्यांसाठी माळ हेरती,
एकरी भावसुद्धा ठरलाय.
एकानं तर आकडा सांगितला.
मलाच, कानाशी येऊन.

हौसाक्कानं तेवढं सरळ विचारलं,
"वारं कशाला पायजे तुला?"
मी म्हटलं, वावडी उडवायची.
ती हसली आणि मला गोठ्यामागं घेऊन गेली.
भिंतीला टेकलेली तीन पायांची उंच घडवंची,
पायरी झिजून गुळगुळीत.
"ही वावडी. हिच्यावर उभी ऱ्हाऊन
तीस वर्सं उपणलं. आता मशीन येतंय."

आमच्याकडं वावडी म्हणजे पतंग,
तिच्याकडं वाऱ्यात उभं राहायची जागा.
आम्ही दोघी थोडा वेळ
त्या एका शब्दापाशी थांबलो.

"येरळवाडीच्या तळ्याला जा," ती म्हणाली,
"आखाडात, दिवस कलताना.
ढग तिकडं घाटावरच रितं हुत्यात,
वारं तेवढं हिकडं येतंय, मोकळ्या हातानं."

आषाढातला शनिवार. कमरेइतकं गढूळ पाणी,
बाभळींच्या माना सगळ्या एकाच दिशेला.
काठावर बिरूची मेंढरं, वाऱ्याला तोंड करून.
दहा-बारा माणसं, कंपनीचा करार बघायला आलेली,
आणि हौसाक्का, ओच्यात मूठभर भुसकट घेऊन.
तिनं हात खांद्याइतका वर नेला, बोटं सैल केली.
भुसकट आडवं गेलं, एका रेषेत, न डगमगता.

"हां," ती म्हणाली.

कापड फुगलं. दोऱ्या ताणल्या, गुणगुणल्या.
मग तळ्यानं मला उचलून
दुसऱ्या काठाकडं ढकलून दिलं,
आणि करार बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी
शिट्टी मारली.

परत आले तेव्हा हात थरथरत होते.
मी म्हटलं, अजून जोराचं पाहिजे होतं.
हौसाक्का ओचा झटकत होती.
"जोराचं नगं. जोराच्या वाऱ्यात
भुसकाटासंगं दाणा बी जातोय."

तिनं माझ्या ओल्या पतंगाला हात लावून पाहिला,
कापडाचा पोत बघतात तसा,
आणि विचारलं, हे केवढ्याला पडलं.
मी निम्मी किंमत सांगितली.
तरी तिनं कपाळाला हात लावला.