मापाचा कागद

दुकानाच्या फळीमागं, मेणाच्या गोळ्याशेजारी
गुंडाळून ठेवलेला एक खाकी कागद आहे.
त्यावर उजवा पाय, शिसपेनीनं काढलेला.
पाच बोटं. अंगठा जरासा बाहेर,
दावणीचा बैल तोंड वळवतो तसा.

बापानं काढला तो, गेनू आगवण्यानं,
ज्या साली दरबारातून हुकूम आला
की महूच्या गोऱ्यांशी खेळायचं तर बूट घालून.
बिरू वाघमोडे कागदावर उभा राहिला,
गुदगुल्या झाल्या म्हणून हसला.
बूट एकदाच घातले त्यानं.
"गेनूदादा, हे घातले की चेंडू मला ओळखत नाही."

पगारी खेळणारा.
पण दप्तरात तसला हुद्दाच नव्हता,
कारकुनानं लिहिलं : फरास, दरमहा साडेसात.
बिरूनं सतरंजीचं टोकसुद्धा कधी उचललं नाही.
सकाळी दीड शेर दूध, दुपारी झोप,
आणि संध्याकाळी मैदानात धूळ उठली
की सियागंजातले हमाल
पोती रस्त्यात टाकून कुंपणाला लटकायचे.

चेंडू बाप शिवायचा.
वादीची गाठ खोल दडपायचा आत,
कारण बिरू डोक्यानंही मारायचा
आणि कपाळावर गाठ उमटली
की त्याची आई आमच्याशी भांडायला यायची.

महूत एकदा गोऱ्या पलटणीवर दोन गोल.
पहिल्याचं कुणाला आठवत नाही.
दुसरा त्यानं टाचेनं मारला, पाठमोरा,
मागं लागलेलं कुत्रं हाकलावं तसा.
एवढं सांगून बाप थांबायचा,
हातातली बशी कलंडेपर्यंत.

मग लढाई.
धनगराचा पोर, जनावर कळतं,
म्हणून फरासाला खेचरांच्या गाड्यांवर घेतलं.
सलोनिका.
बापाला ते नाव कधी जमलं नाही,
'सलोनी' म्हणायचा, एखाद्या बाईसारखं.
तिथून एकच पत्र, दुसऱ्याच्या अक्षरात :
येथे बर्फ आहे. खेचर मेले म्हणजे कातडेसुद्धा टाकून देतात,
गेनूदादास सांगणे, फार जीव हळहळतो.
रविवारी खेळतो. बूट घालूनच. इलाज नाही.

पुढचं त्यानं फक्त बापाला सांगितलं.
दोन दिवस, दोन रात्री घाटात गाड्या अडकलेल्या.
बूट काढले तेव्हा
तीन बोटं बुटातच राहिली.

परत आला तो उन्हाळ्यात.
बापानं तोच कागद पसरला,
नवा घेतला नाही.
जुन्या रेघेच्या आत नवी रेघ :
अंगठा, करंगळी,
मधे पुलाच्या कठड्यासारखं सरळ.
शिसपेन फिरली. या खेपेला बिरू हसला नाही.
म्हणाला, "तिथं काही कळतच नाही रे."

दप्तरात नाव होतंच. आता ते खरं झालं.
सामन्याच्या दिवशी साहेबांच्या खुर्च्यांखाली
सतरंजी अंथरायचा,
कोपरे ओढून, एक सुरकुती राहू न देता,
आणि शिट्टी वाजायच्या आत निघून जायचा.

सोमवारी मात्र दुकानात.
दुरुस्तीला आलेला चेंडू जमिनीवर ठेवायचा,
डाव्या तळव्याखाली हळूहळू फिरवायचा, डोळे मिटून.
"उजव्या अंगाला जड आहे. उसव."

मी नऊ वर्षांचा. दोन्ही हातांनी तोलून बघायचो,
मला सगळीकडून सारखाच लागायचा.
बाप न बोलता आरी उचलायचा.