शंभर वर्षांचा पूर

फायर हॉलमध्ये टेबलं जोडून
इंजिनिअर बाईंनी नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर चार कॉफीचे मग.
रस्त्याखालच्या मोऱ्या मोठ्या, म्हणाल्या,
धरणाचा सांडवा दुप्पट रुंद,
आणि वर, टॅनर ओढ्याच्या वळणावर, एक कोरडं तळं:
एरवी गवत, पुरात पाणी.
"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरलाय हिशेबात."

व्हर्ना क्लाइन मागून म्हणाली,
"म्हणजे लग्नानंतर तीन शतकं जगले मी."
तिच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर
पोरांच्या उंचीच्या रेघा आहेत, पेन्सिलीच्या,
मधूनमधून चिखलाच्या.
धाकटा डेल शाळेत गेला
तेव्हा दुसऱ्या पुराएवढा होता.

सगळे हसले.
ऑर्विल नाही.
कोरडं तळं त्याच्या शेतात पडत होतं.
त्याचं घर टेकडीवर,
त्याच्या उंबऱ्याला ओढा कधी शिवला नाही.

उठला. चष्मा पुसला.
निळ्या रेघेवर बोट ठेवून उभा राहिला
नाडी बघावी तसा, बराच वेळ.

"अक्रोडाचं झाड तेवढं सोडा," म्हणाला.
"बाकी, पाणी तसंही
माझ्याच उतारावरून जातं यांच्याकडे."

आणि आपला मग उचलला.
नकाशा त्या कोपऱ्याकडून
हळूहळू गुंडाळत आला.