शिधा

पन्नास वर्षं लोकांच्या घरचा शिधा घेतला मी.
तांदूळ, डाळ, गूळ, वर सुपारी,
शेंडीसकट नारळ.
न शिजलेलं अन्न हातात घ्यायचं कसं
हे मला कुणी शिकवायला नको.

तरी फोंड्याच्या बाजारात, दस्तगीरच्या दुकानासमोर
ऊन नसताना छत्री उघडून उभा राहिलो.
गिऱ्हाइकं ओसरेपर्यंत तो थांबला.
मग हळूच, 'भटजी, वाट चुकलात?'
'मांजरासाठी,' मी म्हणालो.
'सगळे तसंच म्हणतात,' तो म्हणाला
आणि सुरी पुसली.

एकादशीच्या दुसऱ्या सकाळी तुळशीमागे सापडली,
म्हणून बारस.
पारण्याच्या दिवशी घरात आलेलीला
उपास घडवला आम्ही दोन वर्षं:
दहीभात, दूधभात,
चतुर्थीला उकडीच्या मोदकाची पारी.
खायची बिचारी. काय करणार?
मग तिन्हीसांजेला उंबऱ्यावर धडकू लागली.

डॉक्टर मेलविना कार्दोजने
तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, माझ्याकडे बघितलं.
'भटमाम, माजर शिवराक न्हय.'
मांस द्या, कच्चं चालेल, पण आधी फ्रीजरमध्ये ठेवा.
आणि काळीज. काळीज विसरू नका.

हिने फ्रीजरचं दार धरून विचारलं, 'ह्यात?'
तेव्हा सावर्ड्याहून जुना फ्रिज आला, मागच्या पडवीत.
वेगळी सुरी, वेगळी फळी, वेगळा पंचा.
पूजेनंतर मी तिथे उकिडवा बसतो, ओवळा,
सुपारी कातरलेल्या हातांनी
काळीज कातरतो.
ते निसटतं. सुपारी निसटत नाही.

चौथ्या रात्री पोट बिघडलं.
पडवी, पोतं, माझी एक चप्पल.
वास असा की कुळागरातून येणारा सुक्रो
फणसाखालूनच माघारी फिरला.
बारस कोनाड्यात अंग चोरून बसली,
पाठ आमच्याकडे,
जणू लाज आम्हाला वाटायला हवी.

पहाटे डॉक्टरला फोन.
'काय दिलंत?'
'काळीज. तुम्ही सांगितलंत तेच.'
'फोटो पाठवा.'
पाठवला.
पलीकडे बराच वेळ हसू दाबलेलं ऐकू आलं.
'हे लिव्हर, भटमाम! रोज वाटीभर?
मी हृदय म्हणत होते. लिव्हर नखाएवढं, बस.'

दस्तगीरकडे काळीज म्हणजे कलेजी.
मेलविनाकडे काळीज म्हणजे हृदय.
माझ्याकडे आजवर काळीज म्हणजे
जे चर्र होतं,
पाणी पाणी होतं,
एखाद्याचं सुपाएवढं असतं.
त्याला काटा लावून ग्रॅम मोजावे लागतील
असं कुठल्या पोथीत नव्हतं.

दोन दिवस कच्चं बंद.
उकडलेली कोंबडी, चमचाभर लाल भोपळा, पाणी समोर.
'रक्त दिसलं, किंवा खाणं सोडलं,
तर मुहूर्त बघू नका, घेऊन या.'

कोंबडी हिने उकडली.
मी सांगितलं नव्हतं.
मागे तीन दगड मांडले, नाकाला पदर लावला,
आणि पाणी उकळल्यावर
सवयीने मिठाकडे गेलेला हात
मधेच थांबवला.
वाफ उडाली तेव्हा बारस कोनाड्यातून उतरली,
आमच्या दोघांच्या मधून गेली,
कुणालाच न घासता.

आता नव्याने सुरुवात. हृदयं, थोडं मांस,
नखाएवढं ते दुसरं.
हाड जास्त झालं की खडूसारखं कोरडं पडतं,
हेही कळलं, फळी धुता धुता.
संध्याकाळच्या उंबऱ्याचं अजून सांगता येत नाही.
कधी ओलांडते, कधी थबकते.

आज देव ताम्हनात, अभिषेक अर्धा,
आणि मागून खरवडण्याचा आवाज.
पळी खाली ठेवली. गेलो. वाकून पाहिलं.
'घट्ट!' मी ओरडलो,
सोवळ्यात.

माजघरातून ही म्हणाली,
'रंग?'